कंबर पंचवीस

टाचणीचं असं ठाम म्हणणं होतं की गल्लीतल्या तेवीस घरांपैकी बावीस घरांची तिला खडान्‌खडा माहिती आहे. तेविसावं घर तिचं स्वतःचं, आणि तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

वय वर्षं नऊ. टाचणी हे नाव बाबांनी ठेवलेलं, कारण ती कुठेही पडलेली असायची आणि टोचेपर्यंत कुणाला पत्ता लागायचा नाही. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे, बाबांच्या दुकानातल्या कापायच्या टेबलाखाली. हातात वही आणि कानावर पेन्सिल. वहीत नोंदी असायच्या. ‘बेकरीवाला स्वतःच्या दुकानातलं काही खात नाही.’ ‘पोस्टातले काका दुसऱ्यांची पत्रं वाचतात आणि एका पत्राला रडले. प्रेमाचं होतं.’ ‘दातांच्या डॉक्टरांना आठ दिवसांत एकदाही दात घासताना पाहिलं नाही.’ महत्त्वाच्या नोंदीपुढे ती चांदणी काढायची. ‘आई दर मंगळवारी दोरे-बटणं आणायला मोठ्या बाजारात जाते आणि पिशवी रिकामीच परत आणते,’ हीसुद्धा एक नोंद होती. तिच्यापुढे चांदणी नव्हती. आईत काय बघायचं, आई आपली घरातच असते.

बाबा लेडीज टेलर. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मध्ये एक पडदा. बाबा कापायचे आणि शिवायचे, आई काज-बटणं करायची, आणि टाचणी मापांच्या वहीत आकडे लिहून घ्यायची, कारण तिचं अक्षर घरात सगळ्यांत बरं होतं. माप घेताना बाबा गिऱ्हाइकाशी कायम हवापाण्याच्या गप्पा मारत. टेप दिसला की कुणीही असो, पोट आत घेतंच. बोलायला लागलं की श्वास सुटतो, आणि तेवढ्यात बाबा आकडा धरायचे. मापांच्या वहीत पहिल्याच पानावर आईचं माप होतं. पाढे पाठ असावेत तसं ते टाचणीला पाठ होतं, निदान कंबरेपुरतं. कंबर एकतीस.

एका गुरुवारी दुपारी सगळ्या गोष्टीला सुरुवात झाली. दुकान एक ते चार बंद असतं. शटर अर्धं खाली ओढलेलं, आई आत झोपलेली, आणि टाचणी टेबलाखाली चिंध्यांच्या पोत्यावर बसून समोरच्या फुटपाथवरच्या चपला मोजत होती. एवढ्यात मशीन सुरू झालं. बंद दुकानात बाबा कधी मशीनला हात लावत नाहीत. तिने टेबलावरून लोंबणारं कापड बोटभर बाजूला सारलं आणि बघितलं.

बाबा निळ्या कापडावर पांढरे ठिपके असलेला ड्रेस शिवत होते. त्या कापडाचा आईचा एक ड्रेस होता, आणि उरलेला तुकडा बाबांनी सगळ्यात वरच्या फळीवर जपून ठेवला होता. कुणी कितीही मागितला तरी ते द्यायचे नाहीत. आज तो खाली आला होता. वर शिलाईच्या आत दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच माया, म्हणजे पुढे उसवून ड्रेस वाढवता यावा म्हणून जास्तीचं कापड, सोडलेली. एरवी बाबा अर्ध्या इंचावर कुणाचं भलं करत नाहीत. मग त्यांनी तो ड्रेस खांद्यांना धरून वर उचलला, बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले, आणि बाहीने डोळे पुसले. पोस्टातल्या काकांसारखेच.

टेबलावरून एक चिठ्ठी घरंगळत खाली आली. टाचणीने वाचली. उंची बेचाळीस, खांदा चौदा, बाही साडेसतरा, छाती एकतीस, कंबर पंचवीस. वर नाव नाही.

आता बाबांची पद्धत अशी, की एकदा बेकरीवाल्याच्या कुत्र्याला कोट शिवला तेव्हा त्यांनी मापावर कुत्र्याचंसुद्धा नाव लिहिलं होतं. नाव नसलेलं माप त्या दुकानात जन्माला आलं नव्हतं. टाचणीने सगळे आकडे वहीत उतरवले, चिठ्ठी हळूच वर सरकवली आणि नोंदीपुढे तीन चांदण्या काढल्या. आईची कंबर एकतीस, ही बाई पंचवीस. म्हणजे बाबांची कुणीतरी एक बाई होती, ती आईपेक्षा बारीक होती, आणि तिला आईच्याच ड्रेससारखा ड्रेस मिळणार होता.

तिला रडू आलं. पण हेरगिरी करणाऱ्याने रडायचं नसतं, म्हणून ती कामाला लागली.

दुकानातून तिने चांगली दीड हात लांब नाडी घेतली आणि टेपवर मोजून पंचवीस इंचांवर लाल शाईची खूण केली. मग गल्लीतल्या एकेका बाईला मिठी मारायला सुरुवात केली. मिठी मारायची, पाठीमागून नाडी फिरवायची, टोक खुणेला टेकतंय का बघायचं, आणि सुटायचं. पहिल्या दिवशी बेकरीवाली मावशी झाली. तिच्याभोवती नाडी अर्ध्यातच संपली. दुसऱ्या दिवशी नर्सबाई झाल्या, त्यांनी आधी टाचणीचा ताप बघितला. दातांच्या डॉक्टरांच्या बायकोला वाटलं पोरीला काहीतरी मागायचंय. मधल्या सुट्टीत वर्गाच्या बाई झाल्या, मुख्याध्यापिका झाल्या, आणि घाईगर्दीत दोनदा झाल्या.

जन्मात कुणाच्या जवळ न जाणारी पोरगी अचानक जगाला मिठ्या मारत सुटली, तर लोक बोलणारच. सहाव्या दिवशी वर्गाच्या बाईंनी टाचणीच्या हातात एक बंद पाकीट दिलं, ‘आईला दे’ म्हणून. टाचणीने ते उजेडात धरून आधी वाचलं हे सांगायला नको. आत लिहिलं होतं, ‘आपली मुलगी अलीकडे दिसेल त्याला बिलगते आणि सोडत नाही. घरी काही अडचण आहे का?’

तिने ते आईला दिलं आणि पडद्याआड जाऊन उभी राहिली. आईने उभ्याउभ्याच वाचलं. मग खाटेवर बसली, पाकीट तोंडावर धरलं आणि खांदे हलायला लागले. आवाज एवढासाही नाही. टाचणीने आईला असं रडताना कधी बघितलं नव्हतं.

‘आईला बाबांच्या बाईचं माहीत आहे,’ तिने वहीत लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं.

त्याच संध्याकाळी बाई सापडली.

लायब्ररीवाली बाई म्हणजे उंचच्या उंच, काडीसारखी, आणि इतकं हळू बोलायची की समोरच्याला पुढे वाकावं लागे. टाचणीने पुस्तक परत केलं आणि काउंटरला वळसा घालून मिठी मारली. नाडी फिरली, आणि टोक बरोब्बर लाल खुणेवर येऊन टेकलं.

“अगं, काय झालं?” लायब्ररीवाली बाई कुजबुजली. “बरं झालं आलीस. बाबांना विचार ना, माझा ड्रेस झाला का. आणि सांग, घाई नाही म्हणावं. त्यांच्या हातचं असेल तर मी थांबेन.”

एवढं बोलून ती हसली, आणि टाचणीला ते हसणं पुरलं.

आता हे सांगायचं कुणाला? बाबांना सांगून उपयोग नाही, आई तर रडतेय. राहिली आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. समोरच तिचं इस्त्रीचं दुकान. आत्या बोलायला लागली की तीन दुकानं पलीकडे लोक आपापसातलं बोलणं थांबवतात. तिच्यासमोर गल्लीतले सगळे दबकून असतात, बाबा तर जास्तच.

“आत्या, तू कुणाला सांगणार नाहीस ना?” टाचणीने विचारलं.

“मी? मी कधी कुणाचं कुणाला सांगते का?” आत्याने इस्त्री बाजूला ठेवली.

टाचणीने सगळं सांगितलं. चिठ्ठी, ड्रेस, डोळे पुसणं, माया दोन-दोन इंच, आईचं रडणं आणि नाडी. आत्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट चढत गेली. शेवटी ती म्हणाली, “तुझी आई हल्ली जेवत नाही, तेव्हाच मला वाटलं होतं,” आणि उद्या दुपारी हा विषय संपवायचा असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता आत्या लायब्ररीत शिरली. पाठीमागे टाचणी. वाचनकक्षात तीन म्हातारे वर्तमानपत्राची तीन पानं वाटून घेऊन बसले होते. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी मोठी पाटी.

“तू...” आत्याने सुरुवात केली, आणि लायब्ररीवालीने ओठांवर बोट ठेवून पाटीकडे दाखवलं.

आत्याच्या आयुष्यात कुजबुजायची वेळ आली नव्हती. तिने प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताणून, दात आवळून ती म्हणाली, “माझ्या भावाचा नाद सोड.”

“कोण भाऊ?” लायब्ररीवाली कुजबुजली.

“टेलर.”

“त्यांच्याकडे फक्त माझा ड्रेस आहे हो.”

“कळलं ना आता. निळा आहे, ठिपक्यांचा.”

“माझा हिरवा आहे.”

“आधी हिरवा म्हणायचं आणि मग निळा न्यायचा.” आत्या कुजबुजता कुजबुजता लालबुंद झाली. “माझी भावजय तिकडे रडून रडून वाळली. लाज नाही वाटत?”

वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबलं. म्हाताऱ्यांपैकी एक जण म्हणाला, “जरा मोठ्याने बोला की. इकडे काही ऐकू येत नाहीये.”

लायब्ररीवालीचे डोळे भरून आले. पण ती खमकी निघाली. तिने काउंटरवर ‘लवकरच येते’ अशी पाटी उभी केली, चष्मा पुसला आणि म्हणाली, “चला. आत्ताच्या आत्ता. तो ड्रेस माझ्या अंगाला लावून बघू. कपडा खोटं बोलत नाही ना, तुमचंच घराणं म्हणतं.”

अशी वरात निघाली. पुढे लायब्ररीवाली, मागे आत्या, तिच्या मागे टाचणी, आणि सगळ्यात शेवटी तीन म्हातारे, आपापलं पान हातात धरून. टाचणीला मनातून जरा बरंही वाटत होतं. इतके दिवस एकटीने वाहिलेलं ओझं आता सहा जणांत वाटलं गेलं होतं. बाबा त्या बाईचा नाद सोडणार, आईची माफी मागणार, आई पुन्हा दुपारी काज करत बसणार, असं तिने चालता चालता ठरवून टाकलं.

आत्याने शटरवर हात आपटला. बाबांनी ते वर सारलं. त्यांच्या ओठांत धरलेल्या सहा टाचण्या, गळ्यात टेप, आणि हातात तोच निळा ड्रेस, अजून बटणं न लावलेला.

“हा कुणाचा?” आत्याने विचारलं. बाहेर आल्यावर तिचा खरा आवाज परत आला होता.

“म्म,” बाबा म्हणाले. तोंडात टाचण्या असताना माणूस दुसरं काय म्हणणार? त्यांनी एक हात वर करून ‘थांब’ अशी खूण केली आणि डोळ्यांनी आतल्या पडद्याकडे दाखवलं. आत्याला ती खूण कबुलीजबाबासारखी वाटली. तिने ड्रेस हिसकावला आणि लायब्ररीवालीच्या खांद्याला लावला.

कंबर बसली. पण कंबरच बसली. घेर गुडघ्याच्या कितीतरी वर राहिला, बाही कोपराच्या जरा खालीच संपली, आणि खांदे दोन्हीकडून बोटबोट बाहेर आले. लायब्ररीवाली त्या ड्रेसमागे उभी राहिली तर दोन वेगळ्या बायका एकमेकींना चिकटवल्यासारख्या दिसत होत्या.

“बघितलंत?” लायब्ररीवाली म्हणाली.

आत्याने टेबलावरची चिठ्ठी उचलली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “उंची बेचाळीस. खांदा चौदा. बाही साडे...” तिथे ती थांबली. आत्या जन्मापासून शिंप्याच्या घरातली. वडील टेलर, भाऊ टेलर. कंबर आणि छाती आज एक उद्या एक, पण हाडं तिथेच राहतात, हे तिला बोलायला लागायच्या आधीपासून ठाऊक होतं. तिने मापांची वही ओढली, पहिलं पान उघडलं आणि चिठ्ठी शेजारी ठेवली.

टाचणीने टाचा उंचावून बघितलं. उंची बेचाळीस, खांदा चौदा, बाही साडेसतरा. दोन्हीकडे तेच. हे तिन्ही आकडे गेले सात दिवस तिच्या स्वतःच्या वहीत होते. तिने फक्त कंबर वाचली होती.

“टाचण्या काढ तोंडातल्या,” आत्या भावाला म्हणाली. इतक्या हळू, की लायब्ररीवालीलासुद्धा वाकावं लागलं असतं.

पडदा सरकला. आई बाहेर आली. अंगावर नेहमीचा तपकिरी ड्रेस, नेहमीसारखा चोख बसलेला. आत्या पुढे गेली आणि तिने काखेखाली शिवण चिमटीत धरून उलटी केली. आत नवा कोरा दोरा, आणि दोन इंच माया.

“हा कधी शिवला?” आत्याने विचारलं.

“दोन महिने झाले,” आई म्हणाली. “बसा ताई. उभ्या का?”

म्हाताऱ्यांनी मान पुढे काढून विचारलं, “काय झालं? कुणाचा निघाला ड्रेस?” तेव्हा लायब्ररीवालीने ओठांवर बोट ठेवलं, निळ्या ड्रेसची नीट घडी केली, टेबलावर ठेवली आणि तिघांना घेऊन निघून गेली. जाताना शटर तिनेच खाली ओढलं.

मग बाबांनी सहाही टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या आणि सांगितलं. आईच्या पोटात गाठ निघाली होती. मंगळवारी मोठा बाजार नव्हता, मोठा दवाखाना होता. तिथे औषध चढवायचे आणि त्याने अन्न तुटायचं. महिना-दीड महिन्यात अंगावरचे कपडे खांद्यावरून ओघळायला लागले. “चेहऱ्याकडे कोण बघतं, ताई,” बाबा म्हणाले. “कपडा सैल झाला की लोक पहिलं विचारतात, काय हो, बरं नाही का. म्हणून मी तेच कापड आणून तेच ड्रेस पुन्हा शिवले. जुने पेटीत आहेत. तिला कुणी विचारायला नको होतं. एवढंच माझ्या हातात होतं.”

“मलाही सांगितलं नाहीत,” आत्या म्हणाली. ती चिंध्यांच्या पोत्यावर बसली आणि रडायला लागली, आणि तेव्हा मात्र तिचा आवाज तीन दुकानं पलीकडे गेला.

बावीस घरांची खडान्‌खडा माहिती, आणि आई टाचणीच्या डोळ्यांसमोर सहा इंच कमी झाली. ती रोज त्या तपकिरी ड्रेसशेजारी झोपत होती. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की वही चिंध्यांत पुरून टाकावी असं वाटलं.

“मला का नाही सांगितलं?” तिने विचारलं.

आईने तिला जवळ ओढलं. “तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? माझ्याकडेच बघत बसली असतीस. पडद्याआडून, टेबलाखालून. मला ते नको होतं. दवाखान्यात सगळे दिवसभर माझ्याकडेच बघतात. घरात एक तरी माणूस माझ्याकडे न बघणारं हवं होतं मला.”

“तू मरणार आहेस का?”

बाबांनी तोंड फिरवलं. आईने जरा विचार केला.

“डॉक्टर म्हणतात, इतक्यात सांगता येत नाही. तुला आधी कळलं तर मला सांग.”

टाचणी हसली नाही. तिने आईला मिठी मारली आणि हात पाठीमागे नेले, तर ते भलतेच लवकर एकमेकांना भेटले. त्या आठवड्यात तिने गल्लीतल्या सगळ्या बायकांना मिठी मारली होती. ही एकच राहिली होती.

पुढच्या दिवसांत आत्याने लायब्ररीत जाऊन माफी मागितली. ती कुजबुजत मागितली, त्यामुळे तिला खूप कष्ट पडले, आणि म्हाताऱ्यांना पुन्हा काही ऐकू आलं नाही. हिरवा ड्रेस बाबांनी सगळ्या गिऱ्हाइकांच्या आधी शिवून दिला. वर्गाच्या बाईंना आईने उत्तर लिहिलं, ‘अडचण आहे. बिलगू द्यावं.’

घरात एक नवी पद्धत सुरू झाली. दर रविवारी सकाळी आई दुकानात उभी राहायची, टेप टाचणीने धरायचा, आकडा तिनेच मोठ्याने सांगायचा आणि तिनेच लिहायचा. आता चोरून बघायचं कारण उरलं नव्हतं. चिठ्ठीवर आईचं नाव घालायचं, हे बाबांनी बजावून सांगितलं होतं.

चौथ्या रविवारी टाचणीने टेप आईच्या कंबरेभोवती फिरवला आणि वर बघितलं. आईची मान ताठ, गाल फुगलेले, नजर छताकडे, श्वास छातीत गच्च धरलेला. आजवर या दुकानात शेकडो बायका येऊन गेल्या आणि प्रत्येकीने पोट आत घेतलं. पोट बाहेर काढणारी ही पहिलीच. टाचणीला तिचा कळवळा आला. तिने टेप हलकेच धरला.

“पंचवीस,” ती म्हणाली. “मागच्याएवढीच.”

मशीनवर बाबा मान खाली घालून बसले होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, “काय गं, बाहेर आज ऊन फार आहे का?”

“कुठे हो,” आई म्हणाली, “सकाळपासून आभाळच...” आणि श्वास सुटला. टेप टाचणीच्या बोटांत ढिला पडला, आणि बाबांनी उठून तो ओढून धरला.

“पावणेचोवीस लिही,” बाबा म्हणाले.

टाचणीने लिहिलं. आईने टेपखालून ड्रेस सारखा केला आणि पडद्याकडे वळली.

“या घरात,” ती जाता जाता म्हणाली, “माणसाला जरा पोट फुगवायचीसुद्धा सोय नाही.”